बाळंतपणानंतर ओघळलेली छाती: लिफ्ट करायची की इम्प्लांट? विदर्भातल्या गावात राहणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

लेकराचं अंगावर पिणं सुटलं की काही महिन्यांत छाती मऊ आणि रिकामी होते. वरचा भाग खपाटीला जातो, बोंडी खाली वळते. हे बहुतेक बायकांचं होतं आणि हा आजार नाही, त्यामुळे काहीच केलं नाही तरी तब्येतीला धोका नसतो. पण कुणाला ब्लाउज कधीच नीट बसत नाही, कुणाला छातीखालच्या घडीत उन्हाळाभर खाज आणि गजकर्ण होतं, कुणाला नुसतंच आपलं अंग आपलं वाटत नाही. चौकशी करायला यातलं कुठलंही कारण पुरे आहे.

अडचण अशी की छाती वर उचलायच्या (लिफ्ट) किंवा आत सिलिकॉनची पिशवी घालायच्या (इम्प्लांट) शस्त्रक्रियेची माहिती आणि जाहिराती शहरातल्या बाईला समोर ठेवून लिहिलेल्या असतात. दवाखाना दहा मिनिटांवर, घरी कामाला बाई, नळाला पाणी. एटापल्ली, धारणी किंवा झरी-जामणीच्या बाजूला राहणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा निघतो. म्हणून पुढचं सगळं एका नियमावर बेतलं आहे: सर्जनपासून जितकं लांब राहता, तितकी साधी शस्त्रक्रिया निवडा.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकू. "अंगावर पाजलं म्हणून छाती ओघळली" हे खरं नाही. गरोदरपणातच दुधाच्या ग्रंथी फुगतात, कातडी आणि आतले आधाराचे पदर ताणले जातात; नंतर ग्रंथी आकसतात, पण कातडी तेवढी आकसत नाही. वय, किती बाळंतपणं झाली, वजन किती चढलं-उतरलं, धूम्रपान आणि छाती मुळात किती जड होती, यांचा परिणाम दिसतो. पाजण्याचा वेगळा परिणाम अभ्यासात दिसलेला नाही. छातीसाठी लेकराचं दूध लवकर तोडू नका.

## १. आधी ओळखा: ओघळली आहे, की रिकामी झाली आहे?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. उशीची खोळ मोठी झाली असेल तर ती शिवून लहान करता येते, किंवा आत जास्त कापूस भरता येतो. लिफ्ट म्हणजे खोळ शिवणं, इम्प्लांट म्हणजे कापूस भरणं. ज्या बाईला शिवण हवी तिला नुसता कापूस भरला की छाती मोठी होते आणि तशीच खाली राहते, शिवाय आता जड होऊन राहते.

घरी दार लावून आरशासमोर सरळ उभ्या राहा, हात खाली सोडा. छातीखालची घडी जिथे छातीच्या पिंजऱ्याला लागते ती रेघ बघा आणि बोंडी तिच्या मानाने कुठे आहे ते पाहा.

- बोंडी घडीच्या वर, पण खालचा भाग लोंबतो: खरी ओघळ नाही. बऱ्याचदा काहीच लागत नाही.
- बोंडी घडीच्या रेघेवर: पहिली पायरी.
- बोंडी घडीच्या खाली, पण छातीच्या सगळ्यात खालच्या टोकाच्या वर: दुसरी पायरी.
- बोंडी सगळ्यात खाली, जमिनीकडे बघणारी: तिसरी पायरी.

शिंप्याची टेप असेल तर गळ्याखालच्या खळगीपासून बोंडीपर्यंत मोजा. ओघळ नसलेल्या मध्यम बांध्यात हे अंतर साधारण १९ ते २१ सेंमी भरतं. दोन्ही बाजू मोजा. दोन-एक सेंमीचा फरक पुष्कळ जणींना असतो. तो डॉक्टरला आधीच सांगायचा, कारण शस्त्रक्रियेनंतर बाई पहिल्यांदा तोच शोधते.

आता दुसरी परीक्षा. नीट मापाची, पॅड नसलेली ब्रा घाला आणि छाती हाताने उचलून कपमध्ये बसवा. कप भरला आणि आकार पसंत पडला, तर तुम्हाला आकारमान पुरेसं आहे. लागलीच तर फक्त लिफ्ट लागेल. कपचा वरचा भाग पोकळ राहिला तर आकारमानाचा प्रश्न आहे. इथे थोडं थांबून हेही बघा की नीट मापाच्या ब्राने तक्रार कितपत मिटते. आठवडी बाजारातल्या, एकाच मापाच्या ताणणाऱ्या ब्रामुळे ज्यांचे खांदे दुखतात आणि घडी ओली राहते, त्यांचा निम्मा त्रास दुकान बदलून जातो.

तेलमालिश, क्रीम, पंप, गोळ्या यांनी ताणलेली कातडी आकसत नाही. छातीचा व्यायाम स्नायू घट्ट करतो, पण स्तन स्नायूच्या वर असतो, त्यामुळे बोंडी वर येत नाही. आणि कुणी "इंजेक्शनने भरून देतो" म्हणालं तर तिथून उठा. स्तनात पातळ सिलिकॉन किंवा फिलर टोचल्याने गाठी, पू आणि कायमची विद्रूपता येते, आणि ते द्रव्य नंतर पूर्ण काढता येत नाही.

## २. वेळ ठरवा

दूध पूर्ण तोडल्यावर निदान सहा महिने जाऊ द्या. तोवर ग्रंथी आकसत असतात, आज घेतलेलं माप उद्या बदलतं, आणि दुधाने भरलेल्या स्तनात जंतुसंसर्ग सहज होतो. दाबल्यावर अजून दुधाचे थेंब येत असतील तर डॉक्टरला सांगा. वर्षभरानंतरही येत असतील तर प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी लागेल.

वजन सहा महिने स्थिर हवं. दोन-तीन किलो इकडेतिकडे चालेल. वजन उतरवायचं असेल तर आधी उतरवा, नंतर उतरवलं तर छाती पुन्हा रिकामी होते.

आणखी लेकरू हवं असेल तर थांबा. पुढच्या गरोदरपणात पुन्हा ताण येऊन केलेलं काम बिघडू शकतं. शिवाय काळ्या वर्तुळाभोवती छेद घेतला की दुधाच्या नळ्या आणि नसा काही प्रमाणात तुटतात, त्यामुळे पुढच्या लेकराला दूध कमी पडू शकतं.

मग ऋतू. यावर कुणी बोलत नाही, पण विदर्भात यावरच पुष्कळ अवलंबून आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे चोवीस तास घट्ट ब्रा घालायची असते. एप्रिल ते जूनच्या पंचेचाळीस अंशांत, कूलरपुरती वीज नसलेल्या घरात, छातीखालच्या टाक्यांवर घाम साचून जखम चिघळते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद, आणि तपासणीची तारीख चुकते. राहिला हिवाळा, पण त्यात शेतीची कामं. धानपट्ट्यात कापणी-मळणी आटोपली की डिसेंबर-जानेवारी बरा. मार्चमध्ये मोहफूल वेचायला वाकण्याआधी सहा आठवडे भरतात. कापूसपट्ट्यात वेचणी लांबते, म्हणून जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारीची सुरुवात. वेचणी अर्धी टाकून तारीख घेऊ नका. आठव्या दिवशी वावरात जावंसं वाटतंच.

## ३. अंगातल्या अडचणी आधी सोडवा

रक्त. ही तातडीची शस्त्रक्रिया नाही, तेव्हा कमी हिमोग्लोबिनवर ती करून घेण्यात अर्थ नाही. १० च्या खाली असेल तर सरळ पुढे ढकला. ११-१२ असेल तर उत्तम. लोहाच्या गोळ्यांनी भर पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तपासणी आधीच करा. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या.

सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि मेळघाटात ही तपासणी टाळायचीच नाही, घरात कुणाला त्रास नसला तरीही. भूल दिलेली असताना शरीरात पाणी कमी पडलं, ऑक्सिजन घसरला किंवा अंग गार पडलं की लाल पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी सिकल आहे की नाही एवढंच सांगते; वाहक म्हणजे 'एएस' की रुग्ण म्हणजे 'एसएस' हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. 'एएस' असाल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगून, सलाईन, ऊब आणि ऑक्सिजनची काळजी घेऊन शस्त्रक्रिया साधारणपणे होते. 'एसएस' असाल तर निव्वळ दिसण्यासाठी हा धोका घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खर्रा. लिफ्टमध्ये बोंडी आणि काळं वर्तुळ कापून वेगळं काढत नाहीत; आतल्या मांसाच्या एका पट्ट्यावर ते जिवंत ठेवून वर सरकवतात. त्या पट्ट्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरच बोंडीचा जीव असतो. निकोटिन नेमकं त्यांना आकसवतं. परिणाम: टाके उसवतात, कातडी काळी पडते, क्वचित बोंडीच जाते. खर्रा, तंबाखू, गुडाखू, मशेरी, बिडी यातलं काहीही शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. सहा-सहा जमलं तर आणखी बरं. "फक्त दात घासायला" वापरलेला गुडाखूसुद्धा मोजायचा. घरात शेजारी बसून कुणी बिडी ओढत असेल तर त्यालाही अंगणात पाठवा. आणि हे सर्जनपासून लपवू नका. टेबलावर त्याला कळत नाही, कळतं ते पाचव्या दिवशी, तुम्हाला.

गोळ्या. माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. त्या साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात, मग तेवढ्या काळात निरोध वापरा. छाया गोळी घेत असाल तर तेही सांगा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि गावातल्या वैदूची पुडी दोन आठवडे आधी बंद, कारण रक्त जास्त वाहतं. हृदयासाठी किंवा डॉक्टरने लावून दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

स्तनाची तपासणी. गाठ, बोंडीतून रक्त, एकाच बाजूला आत ओढलेली बोंडी किंवा संत्र्याच्या सालीसारखी कातडी असेल तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी तिचा छडा लावा. काहीच नसेल तरी चाळिशीपुढे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्सरे) आणि चाळिशीआधी सोनोग्राफी करून ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर आत व्रण आणि चुन्याचे ठिपके तयार होतात. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला जुनं चित्र हाताशी हवं.

## ४. डॉक्टर निवडा

पाटीवरची पदवी वाचा. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी (जुन्यांकडे डीएनबी) हवी, म्हणजे एमएसनंतर तीन वर्षं फक्त याचं शिक्षण झालेलं. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "एस्थेटिक फिजिशियन", "लेझर स्पेशालिस्ट" हे शब्द प्लास्टिक सर्जन असल्याचा पुरावा नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर नाव घालून बघा. फोनवरून दोन मिनिटांचं काम आहे.

शस्त्रक्रिया कुठे होणार तेही विचारा. नोंदणीकृत रुग्णालय, स्वतंत्र भूलतज्ज्ञ, रात्री थांबणारा डॉक्टर, जवळ रक्तपेढी. ब्युटी क्लिनिकच्या मागच्या खोलीत पूर्ण भुलीची शस्त्रक्रिया होऊ नये.

नागपुरात खासगी प्लास्टिक सर्जन पुष्कळ आहेत, अमरावती-अकोल्यातही सापडतात. नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स, वर्ध्याजवळचं सावंगीचं रुग्णालय इथे दाखवून किमान खरं मत मिळतं. सरकारी ठिकाणी भाजलेले, अपघाताचे आणि कॅन्सरचे रुग्ण आधी घेतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्या शस्त्रक्रियेला नंबर लागेलच असं नाही.

निदान दोन सर्जनना दाखवा. तपासणीत कमरेपर्यंत कपडे काढावे लागतात, मोजमाप होतं, फोटो घेतात. सोबत बाई असावी असा आग्रह धरा. फोटो चेहरा वगळून घ्यावेत, आणि जाहिरातीत वापरायची परवानगी वेगळ्या कागदावर असावी. त्या कागदावर सही करायची सक्ती नसते.

विचारायचे प्रश्न लिहून न्या: माझी ओघळ कितव्या पायरीची? इम्प्लांटशिवाय भागेल का? व्रण कुठे-कुठे येतील, ते माझ्या अंगावर पेनने काढून दाखवा. रात्री अडचण आली तर कुठला नंबर? दुरुस्ती करावी लागली तर पैसे कुणाचे? शेवटच्या दोन प्रश्नांना जो सर्जन टाळाटाळ करतो, तो तुमच्यासाठी नाही.

संमतीपत्रावर सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याने पुरते. काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात, ती त्यांची पद्धत आहे. घरात बोलून करणं शहाणपणाचं, कारण सहा आठवडे पाणी दुसऱ्या कुणालातरी भरायचं आहे. कागद मराठीत मागा.

## ५. काय करायचं ते ठरवा

नुसती लिफ्ट. पहिल्या पायरीच्या ओघळीला काळ्या वर्तुळाभोवतीचा गोल छेद पुरतो. दुसऱ्या पायरीला वर्तुळ आणि तिथून खाली घडीपर्यंत एक उभी रेघ. तिसऱ्या पायरीला त्यात घडीतली आडवी रेघ जोडली जाते, म्हणजे जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण. "छोट्या छेदात करून देतो" हे ऐकायला गोड लागतं, पण मोठ्या ओघळीला नुसता गोल छेद दिला तर वर्तुळ ताणून रुंद होतं आणि छाती समोरून चपटी दिसते. व्रण लांब पण आकार टिकणारा, की व्रण लहान पण आकार बिघडणारा, एवढीच निवड असते. खालचं लोंबणारं मांस न टाकता आत दुमडून वर बसवायची पद्धतही आहे. ज्यांच्याकडे थोडं आकारमान शिल्लक आहे त्यांना परकी वस्तू न घालता वरचा भाग बऱ्यापैकी भरून मिळतो.

नुसतं इम्प्लांट. ओघळ नाही किंवा अगदी थोडी, पण छाती रिकामी, अशा बाईसाठी. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या पिशवीत घट्ट सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी. माप सीसीत, १०० सीसीचं वजन साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ३०० सीसीची जोडी घातली की सहाशे ग्रॅम वजन ताणलेल्या कातडीवर कायमचं लटकणार. डोक्यावर पाण्याचा गुंड आणि पाठीवर कापसाचं गाठोडं वाहणाऱ्या बाईने मोठ्या मापाच्या मोहात पडू नये.

ते कुठे बसवणार हे त्याहून महत्त्वाचं. छातीच्या वरच्या भागाची चिमूट घेऊन दोन सेंमीपेक्षा कमी जाडी भरली तर कडा दिसू नये म्हणून इम्प्लांट स्नायूखाली बसवतात. पण विळा चालवताना, दोर ओढताना, धुणं आपटताना तो स्नायू आवळतो आणि इम्प्लांट वर-बाहेर सरकल्यासारखं दिसतं. जिमला जाणाऱ्यांना हे सांगतात. निंदण-सोंगणी करणाऱ्या बाईला क्वचित कुणी सांगतं. तुम्ही हाताने काय काम करता ते सर्जनला नीट समजावून सांगा.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. त्याभोवती शरीर स्वतःचं वेष्टण तयार करतं. ते काहींमध्ये आवळून घट्ट होतं, छाती दगडासारखी लागते आणि दुखते. पिशवी फुटली तर जेल बाहेर पडूनही वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून अमेरिकेचं औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सुचवतं. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मिळ लिम्फोमा कॅन्सरशी संबंध आढळल्यावर अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपला बायोसेल प्रकार जगभरातून परत मागवला. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागाचंच मागा, आणि "जुना स्टॉक स्वस्तात" अजिबात घेऊ नका.

दोन्ही एकत्र. रिकामी आणि ओघळलेली, दोन्ही असेल तर हे सुचवतात. यात एक काम कातडी आवळतं, दुसरं तीच कातडी ताणतं, म्हणून पुन्हा दुरुस्ती करायची वेळ यात जास्त येते. दोन टप्प्यांत करता येतं: आधी लिफ्ट, मग तीन-सहा महिन्यांनी पटलं तरच इम्प्लांट. लांबच्या गावातल्या बाईला आमचा सल्ला हाच. लिफ्ट झालेल्या पुष्कळ जणींना दुसऱ्या टप्प्याची गरजच वाटत नाही, आणि ज्यांना वाटते त्यांचं माप तोवर स्थिरावलेलं असतं.

स्वतःची चरबी भरणं. पोट-मांडीची चरबी काढून स्तनात टोचतात. ३० ते ५० टक्के विरून जाते, कधी त्याहून जास्त, त्यामुळे पुन्हा करावं लागू शकतं. ओघळ यानेही जात नाही. बारीक बायकांकडे तेवढी चरबीच नसते.

पोट आवळण्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी उरकायचं "पॅकेज" दिसेल. भुलीचे तास वाढतात, रक्त जास्त जातं, पायात गाठ होण्याचा धोका वाढतो. गावी परतायचं असेल तर नकोच.

## ६. पैसे

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्डावर सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. खासगी विम्यातही ती वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना हा अपवाद. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात सर्जन, भूल, थिएटर, खोली, इम्प्लांट, औषधं, विशेष ब्रा, पुढच्या तपासण्या आणि कर हे वेगवेगळे लिहून घ्या. त्यावर शहरात आठवडाभर राहणं, गाडी आणि सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी मिळवा. सावकाराकडून किंवा बचतगटातून कर्ज काढून करायची ही गोष्ट नाही.

## ७. कागद आणि सामान

कागद: आधार कार्ड, आधीच्या बाळंतपणांचे विशेषतः सिझेरियनचे डिस्चार्ज कागद (भुलीचा त्रास झाला असेल तर त्यात नोंद असते), सिकलसेल अहवाल किंवा कार्ड, रक्तगट, सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, स्तनाची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी फिल्मसह. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि छातीचा एक्सरे दवाखाना सांगेल तशा. नव्या लागतात, जुन्या चालत नाहीत. गर्भ नसल्याची तपासणीही होते.

सामान: पुढून हुक असलेल्या, तार नसलेल्या दोन सर्जिकल ब्रा (एक अंगात, एक धुण्यात), पुढून उघडणारे गाऊन किंवा सैल ब्लाउज, कारण डोक्यावरून काही घालता येत नाही, दोन जादा उशा, थर्मामीटर, चार्जर.

## ८. शस्त्रक्रियेचा दिवस

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, किंवा दवाखान्याने सांगितलेली वेळ. पहाटेच्या बसमध्ये चहा-पोहे झाले की शस्त्रक्रिया रद्द होते, म्हणून आदल्या दिवशीच पोचा. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, नेलपॉलिश काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा, थिएटरच्या दारात वाद नको.

सर्जन तुम्हाला उभं करून अंगावर खुणा काढेल. त्या झोपून काढलेल्या चालत नाहीत, कारण झोपल्यावर ओघळ दिसत नाही. पूर्ण भूल, दोन ते चार तास. इम्प्लांट असेल तर डब्यावरचे स्टिकर मागून घ्या: कंपनी, प्रकार, माप, अनुक्रमांक, लॉट क्रमांक, प्रत्येक बाजूचे वेगळे.

## ९. घरी परतणं आणि सहा आठवडे

पहिले पाच-सात दिवस शहरातच राहा. रक्त साचण्याचा धोका पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला नळी ठेवली असेल तर ती बहुधा या काळात निघते. परतताना एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा मोह सोडा. उभं राहणं, वर दांडा धरणं आणि खड्ड्यांचे हिसके टाक्यांना सोसत नाहीत. गाडी करा, सीटबेल्टखाली छोटी उशी धरा, दर तासाला उतरून चार पावलं चाला.

- झोप पाठीवर, खांद्याखाली उशा घालून. पोटावर किंवा कुशीवर नाही.
- चालणं पहिल्याच दिवसापासून. पडून राहिलं की पायात रक्त गोठतं.
- दोन-तीन किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही, चार ते सहा आठवडे. यात गुंड, बादली, गवताचा भारा आणि लेकरू, सगळं आलं. लेकराला बसून मांडीवर घ्या, चढायला दुसऱ्याने मदत करावी.
- हात खांद्याच्या वर तीन आठवडे नाही. फळीवरचा डबा आणि दोरीवरचं वाळवण दुसऱ्या कुणीतरी काढायचं.
- चुलीचा धूर टाळा. खोकल्याने टाक्यांवर ताण येतो.
- आंघोळ सर्जन सांगेल तेव्हापासून, बहुधा दोन-तीन दिवसांनी, उकळून कोमट केलेल्या पाण्याने. नदी, तलाव, विहिरीच्या काठावरची आंघोळ सहा आठवडे बंद.

शेकाबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे बाई दवाखान्यातून आली की बाजेखाली शेगडी आणि कपड्याचा शेक सुरू होतो. लिफ्टनंतर छातीची कातडी काही आठवडे बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही, आणि फोड आल्यावरच दिसतं. शेक नको, बर्फही थेट नको. टाक्यांवर हळद, एरंडेल, खोबरेल, राख काही नको. वांगं, डाळ, अंडं यांनी पू होत नाही. उलट डाळ, अंडी, दूध भरपूर खा, जखम त्यानेच भरते. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं, म्हणून पाणी आणि पालेभाजी.

बोंडीची संवेदना कमी होते किंवा नको इतकी वाढते. काही महिन्यांत बहुतेकांची सुधारते, काहींची कायमची बदलते. सुरुवातीला छाती फार वर, चौकोनी आणि सुजलेली दिसेल. तीन महिने आकाराबद्दल मत बनवू नका. व्रण आधी लाल आणि जाड होतात, मग वर्षभरात फिके पडतात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने लावा. कानाच्या छिद्रावर किंवा लसीच्या जागी गाठ वाढलेली असेल तर सर्जनला आधीच दाखवा. इथेही तशीच वाढू शकते.

## १०. कशासाठी थांबायचं नाही

खालीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न बघता सर्जनला फोन करा आणि फोटो पाठवा:

- एकच बाजू काही तासांत फुगून टणक झाली, दुखणं वाढत चाललं: आत रक्त साचतंय.
- बोंडी निळसर, मग काळसर.
- ताप १०१ फॅरेनहाइटच्या वर, लाली पसरतेय, पू किंवा वास.
- टाके उसवून आत इम्प्लांट दिसतंय.

पोटरी एका बाजूला सुजून दुखू लागली, किंवा अचानक दम लागून छातीत कळ आली, तर फोनवर बोलत बसू नका. १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेलेली असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर डिस्चार्ज कागद सोबत न्या आणि काय शस्त्रक्रिया झाली ते लाज न धरता सांगा. "छातीत गाठ होती ती काढली" असं सांगितलं की समोरचा डॉक्टर चुकीच्या दिशेने विचार करतो. बाहेरून सुई घालून पाणी काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, सुईने इम्प्लांट फुटतं.

## ११. पुढची वर्षं

तपासण्या साधारण एक आठवडा, तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने आणि एक वर्षाने. मधल्या एखाद्या तपासणीला व्हिडिओ कॉल चालतो का ते आधी ठरवून घ्या, पण पहिल्या दोन प्रत्यक्षच हव्यात.

लिफ्ट केलेली छातीही वयाने आणि वजनाने हळूहळू उतरते. दिवसा ब्रा वापरत राहा. महिन्यातून एकदा पाळी झाल्यावर हाताने तपासा, म्हणजे नेहमीचे कडक व्रण कुठले आणि नवी गाठ कुठली हे ओळखता येईल. इम्प्लांट असेल आणि वर्षांनी एखादी बाजू विनाकारण सुजली तर सोनोग्राफी करून घ्या. त्या दुर्मिळ लिम्फोमाची पहिली खूण बहुधा हीच असते. मॅमोग्राफीला गेलात तर यंत्र दाबण्याआधी तंत्रज्ञाला इम्प्लांटबद्दल सांगा, त्यांना वेगळ्या पद्धतीने फिल्म घ्यावी लागते. आणि ते स्टिकर असलेलं कार्ड आधारसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असू द्या.